आलं का चित्र?

"आलं का गं चित्र?" गच्चीवर डिश फिरवणाऱ्या यांनी वरून विचारलं.

मी खिडकीकडे धावले. आत टीव्हीसमोर बसलेला मुलगा म्हणाला, "नाही म्हणावं. डावीकडे घ्या म्हणावं."

मी परत अंगणात. "डावीकडे घ्या हो!"

"किती, ते विचार त्याला."

दारातलं फणसाचं झाड मुलाने यांना न विचारता तोडलं, तेव्हापासून तीन वर्षं बापलेकांचं बोलणं बंद आहे. जेवणाचं असो की दवाखान्याचं, निरोप माझ्याच तोंडून. आज विसाव्या फेरीला माझं डोकंच फिरलं. मी पायरीवर बसले आणि तोंड मिटून घेतलं.

"अगं, आलं का?" डिश फिरतच राहिली.

"अगं ए!"

एवढ्यात आतून मुलगा ओरडला, "थांबा, थांबा! आलं होतं, गेलं! मागे घ्या, अप्पा!"

डिश थबकली. हळूच मागे आली.

"आलं! आता अजिबात हलवू नका, अप्पा!"

हे पाना हातात धरून तसेच उभे राहिले. मग नट आवळायचा सोडून त्यांनी नीट लागलेली डिश बोटाने जराशी ढकलली.

"आता रे?"