अकराव्या प्रकरणातलं दार

"आजी, माझ्या पुस्तकात मढी उठत्यात," ज्ञानेश्वरी म्हणाली आणि तिनं जीभ चावली. कर्जतहून नगरला येताना एसटीत तिनं 'विडंबन' हा शब्द घोकून घोकून पाठ केला होता. ऐन वेळी तोच दगा देऊन गेला.

नीलांबरीबाईंनी चष्मा पुसून परत लावला. वय ब्याऐंशी, कान मात्र तिखट. त्यांचे यजमान मार्तंडराव जाऊन वीस वर्षं झाली, पण 'आवणीचा महिना' ही त्यांची कादंबरी अजून कॉलेजात लावतात. नगर जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्यातलं डोंगरातलं गाव, आवणीची म्हणजे भातलावणीची खाचरं, आणि तापानं गेलेली चार वर्षांची भीमा. ती वाचताना न रडलेलं पोर जिल्ह्यात सापडायचं नाही. ज्ञानेश्वरीही रडली होती. आणि मग हिनं काय करावं? त्याच कादंबरीत झॉम्बी घातले. नाव ठेवलं, 'आवणीचा महिना आणि उठलेली मढी'.

पहिलंच पुस्तक, तीन वर्षं खपून लिहिलेलं. प्रकाशकानं स्पष्ट सांगितलं होतं, मूळ कादंबरीचे हक्क बाईंकडे आहेत, त्यांची सही आण, नाहीतर विसरून जा. आणि बाई महाकठीण. सिनेमावाल्यांना त्या दारातूनच नाही म्हणाल्या होत्या. नाटकवाल्यांना चहापोहे देऊन नाही म्हणाल्या.

"आई, तू दमू नकोस, मी बोलतो," त्यांचा मुलगा सुहास म्हणाला. त्यानं दोन पानं चाळली होती आणि तेवढ्यानंच त्याचे कान लाल झाले होते. "अहो ताई, बाबांनी काळीज ओतून लिहिलंय ते. तुम्ही खुशाल त्यात भुतं सोडताय? कमाल आहे!"

"भुतं न्हाईत सर. भुताला अंग नसतं. यांना असतं."

"अरे देवा!"

"थांब रे," नीलांबरीबाई म्हणाल्या. "मला एक सांग, मुली. आपल्यात माणूस जाळतात. मग उठणार काय, राख?"

ज्ञानेश्वरीचा चेहरा खुलला. कुणीतरी नेमकं हेच विचारावं म्हणून ती तीन वर्षं वाट बघत होती. "तिथंच तर गाडी अडली हुती आजी! पाच महिने एक ओळ सुचली न्हाई. तिकडच्या पिक्चरमधी कबरी असत्यात, आपल्याकडं काय? मग आमची आक्काबाई आत्या म्हणाली, अगं, ल्हान पोरं कुठं जाळत्यात? ती पुरत्यात. म्हणून माझ्यात मोठं कुणीच उठत न्हाई. नुसती पोरं उठत्यात, ओढ्याकाठची."

बाई पुढं सरकून बसल्या.

"भीमा?" त्यांनी विचारलं.

"ती पयली. अकराव्या प्रकरणात."

"वाच."

ज्ञानेश्वरीनं घसा साफ केला. मूळ कादंबरीत अकरावं प्रकरण संपतं ते भीमाला पुरून वर दगड रचतात तिथं. हिच्या पुस्तकात पहाटे ते दगड हलतात. भीमा उठते. खाचरांच्या बांधावरून चिखल तुडवत घरापाशी येते. वाटेत तिला पाटलाचा कुत्रा आडवा जातो, तो परत कुणाला दिसत नाही. दारात उभी राहून ती म्हणते, "आये, भूक लागली." आई तिचे डोळे बघते, किंचाळते आणि दार लावते.

"बास!" सुहास म्हणाला.

"सुहास, लाल पेन आण."

त्या लाल पेनाची ख्याती ज्ञानेश्वरीच्याही कानावर होती. मार्तंडरावांचं अक्षर असं गिचमिड की छापखान्यातले कंपोझिटर हात जोडायचे. प्रत्येक पुस्तकाची छापायची प्रत बाईंनी आपल्या हातानं उतरवलेली, आणि त्यांनी काट मारली की तो मजकूर गेलाच. सुहासनं पेन मोठ्या समाधानानं आणून दिलं. तीन वर्षं पाण्यात गेली, ज्ञानेश्वरीला वाटलं, आता घरी काय सांगायचं?

"हे प्रकरण मी तीनदा उतरवलंय," बाई पान पुढ्यात ओढत म्हणाल्या. "आमचे हे लिहून बाहेर निघून गेले. उतरवायला मी. तिसऱ्यांदा उतरवताना म्हटलं, पुस्तक तुमचंच आहे ना, वाचवा की हिला. तर म्हणाले, लोकांना खोटं वाटेल."

"आई, अगं कादंबरीच ती."

"पंकजा होती ती."

सुहास मटकन खाली बसला. आपल्याआधी एक बहीण होऊन गेली, एवढंच त्याला ठाऊक होतं. मार्तंडराव अकोल्याला मास्तर होते तेव्हाची गोष्ट. घरात तिचं नावही कुणी काढत नसे. भीमाला वाचून तो कितीदा रडला होता, पण ती आपल्या घरची आहे हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

"तुझं एवढंच चुकलंय बघ, मुली," नीलांबरीबाई म्हणाल्या. प्रकरणाच्या शेवटच्या ओळीत 'किंचाळते' आणि 'लावते' या दोन शब्दांवर त्यांनी काट मारली. वर बारीक, रेखीव अक्षरात लिहिलं, 'उघडते'. मग प्रकाशकाचा परवानगीचा कागद ओढला आणि खाली सही केली.

ज्ञानेश्वरीला आनंदानं उडीच मारायची होती. पण लेखकाची जात, गप्प बसवेना.

"पण आजी, ती माणसं खाते. आई दार उघडंल कशी?"

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"चार वर्षांची पोर गं ती. खाऊन खाऊन खाईल किती?"