टेकडीवरचं पाणी

नेमानी टेकडी चढत नव्हता, जवळजवळ पळत होता. आज हातात पाण्याचे डबे नव्हते. दवाखान्याहून परतणाऱ्या होडीतून उतरल्यावर तो घरीसुद्धा गेला नव्हता. आनंद पोटात मावत नव्हता आणि बातमी सगळ्यात आधी मामेबहिणीला, मेरेसेइनीलाच सांगायची होती.

पाय वाचला होता. रक्तातली साखर उतरली होती. नर्सचा विश्वास बसेना, तिने पुन्हा तपासली.

“नवीन कुठलं औषध घेतोस?”

“औषध कसलं? मामेबहिणीचं पाणी भरतो.”

चालला नाहीस तर पाय जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. थोरल्या भावाचा तसाच गेला होता. तरी नेमानी चटईवरून हलत नव्हता. बायको गेल्यापासून त्याचं कशातच मन लागत नव्हतं. दिवसभर यंगोनाचं, मुळ्या कुटून केलेल्या त्या गुंगीच्या पेयाचं, भांडं समोर, आणि चहात साखर मुठीने. “माझाच पाय आहे, जाईना का,” म्हणायचा.

मग वादळात टेकडीवरचा पाण्याचा पाइप तुटला आणि मेरेसेइनी काठी टेकत खाली आली. त्याच्या दारात जमिनीवर मांडी घालून बसली.

“केरेकेरे,” ती म्हणाली. “रोज सकाळी मला दोन डबे पाणी वर आणून दे.”

नेमानीचं तोंड कडू झालं. नातलगाने केरेकेरे म्हणून काही मागितलं की नाही म्हणायचं नसतं. त्यांच्या गावात आजवर कोणी म्हटलेलं नाही.

“तुझे नातू काय करतात? बैलासारखे वाढलेत.”

“रग्बी खेळून दमतात रे बिचारे.”

पहिल्या दिवशी तो प्रत्येक झाडाखाली टेकला. वरून मेरेसेइनी ओरडत होती, “पाणी आणतोयस की विहीर खणतोयस?” वर पोचल्यावर चहा मिळाला, तोही बिनसाखरेचा. “साखर संपली. मला कोण आणून देणार वर?” नेमानी इतका चिडला की दुसऱ्या दिवशी तिला दाखवून द्यायला एक झाड कमी टेकला.

हळूहळू त्याला पहाटे आपोआप जाग येऊ लागली. म्हातारीचं भांडं रिकामं असेल, चहा अडला असेल, ही काळजी त्याला चटईवर पडू देईना. रात्री झोप लागू लागली. यंगोनाच्या भांड्याची आठवण उशिरा येऊ लागली, मग कधीतरीच. बायको गेल्यानंतर तो पहिल्यांदा खळखळून हसला तोही या टेकडीवरच, मेरेसेइनीच्या शिव्या खात.

आता अंगण आलं. हाक मारायला त्याने तोंड उघडलं आणि तो तसाच थांबला.

स्वयंपाकघरामागे मेरेसेइनी अळूचे कंद धूत बसली होती. नळाखाली. नळ धो धो वाहत होता. फळीवर साखरेची बरणी काठोकाठ भरलेली.

तिने मान वर केली. हातातला कंद पाण्यात पडला.

“आज दुपारचा कसा आलास?”

“पाय वाचला, हे सांगायला.” त्याने नळाकडे बोट केलं. “आणि हा?”

मेरेसेइनीचे डोळे भरून आले होते, पण जीभ होती तशीच. “कधीचाच जोडला पोरांनी, ईस्टरला. सांगणारच होते तुला. पण तू शीळ घालत यायला लागला होतास, मग कशाला सांगू?”

 नेमानीला राग यायला हवा होता. आला नाही. त्याने पुढे होऊन नळ घट्ट बंद केला. मग तो तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसला, ती त्याच्या दारात बसली होती तसाच.

“केरेकेरे,” तो म्हणाला. “रोज सकाळी मी येईपर्यंत हा बंद ठेव.”