चुन्याचा दगड

"हा दगड पट्टीवर आला कसा?" उमाशंकरनं चौथ्यांदा विचारलं.

दगड टेबलावर होता. नारळाएवढा, चुन्यानं पांढरा. सकाळी शिकाऊ विमान सुसाट निघालं, उडणार एवढ्यात पुढचं चाक या दगडावर चढलं आणि विमान वाकडं होऊन शेजारच्या तुरीत घुसलं. वर्षाराणी नावाच्या शिकाऊ पोरीचा हात मोडला, जीव वाचला हे नशीब. शिरूर अनंतपाळजवळच्या माळावरच्या या धावपट्टीचा उमाशंकर मॅनेजर. दुपारी चौकशीवाले येणार होते, त्याआधी त्याला गुन्हेगार हवा होता.

तो त्याला सापडलाही होता. पहिल्या दिवसापासूनचा राखणदार, निजामोद्दीन, समोर मान खाली घालून उभा होता.

पट्टीच्या कडेचे दगडही पांढरेच. पण त्यांना चुना दिला दिवाळीत. हा तर अजून बोटाला लागत होता. म्हणजे कालच कुणीतरी फासला. चुन्याचा डबा कुणाकडे? निजामोद्दीनकडे. फाटकाची किल्ली? त्याच्याचकडे. गेल्या महिन्यात त्याच्या लेकीच्या, हुमाच्या लग्नात उमाशंकरनं दोनच दिवसांची रजा दिली होती. घ्या, कारणही मिळालं. संशयाचं असंच असतं, एकदा पाटावर बसवला की ताट आपणच वाढत बसतो.

"काल पट्टी बंद होती. आत कोण आलं होतं?"

काल येळवस, शेतात पूजा घालायची अमावस्या. अख्खा जिल्हा शेताशेतात भज्जी-आंबिलाच्या जेवणावर. उमाशंकर तेवढा पुण्याला, मीटिंगला. निघताना आई म्हणाली होती, पांडव पुजायला शेतात चल. "शेत कुठं राहिलंय आता? पट्टी झाली त्याची," एवढं बोलून तो गाडीत बसला होता.

"फाटक मीच उघडलं साहेब," निजामोद्दीन म्हणाला. "चुना बी मीच दिला. कुणाला दिला, ते इचारू नका. जबान दिलीय."

"कुणाला वाचवायलात, निजामभाई?"

"नाव घेतलं तर तरास तुम्हालाच व्हईल."

उमाशंकरला ती सरळ धमकी वाटली. इतकी वर्षं आपल्या डब्यातली भाकरी खाणारा माणूस, आणि ही भाषा. त्याचं डोकंच फिरलं. त्यानं मोबाइल उचलून ठाण्याचा नंबर लावला. रिंग वाजत होती.

तेवढ्यात दार ढकलून रत्नम्मा आली, उमाशंकरची आई. घरून चालत आलेली, धापा टाकत. अपघाताचा तिला पत्ता नव्हता. पदरात काहीतरी जड होतं. टेबलावरचा दगड दिसला तशी ती हसली, आणि तिनं पदर मोकळा केला. चार दगड. नारळाएवढे, चुन्यानं पांढरे.

"हा बघ, इथं हाय का पाचवा! काल आपल्या जुन्या जाग्यावर पाची पांडव मांडले रे. दिवस मावळताना उचलले, तर चारच हाताला लागले. डोळ्याला दिसंना झालंय." तिनं लेकाच्या दंडावरून हात फिरवला. "पण तू आठवणीनं उचलून आणलास. मी उगंच म्हणत व्हते, लेकाला पांडवाचं काय न्हाई. म्हणूनच निजामला म्हणलं व्हतं, तुला सांगू नगं."

निजामोद्दीननं मान वर केली नाही.

कानाला लावलेल्या मोबाइलमधून आवाज आला, "हं, बोला साहेब. कुणाचं नाव लिहू?"