दहापैकी पाच

लॉर्नने दहा शब्द एका सुरात वाचले आणि कागद पालथा ठेवला. "हं, म्हण."

कोल्टन थीसनने डोळे मिटले. "बादली," तो म्हणाला. "मध. अंगठी." मग जरा वेळाने, "वाळू. दोरी."

लॉर्न वाट बघत बसला. बावीस वर्षं तो या आइस हॉकी संघाचा फिजिओ होता आणि घाई त्याच्या स्वभावातच नव्हती. भिंतीपलीकडे रिंकवर बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र फिरत होतं, त्याची घरघर कोल्टनच्या दातांपर्यंत पोचत होती. अजून पाच शब्द होते. आत्ता, याच माणसाच्या तोंडून ते त्याने स्वतःच्या कानांनी ऐकले होते. त्याने जिवाचा आटापिटा केला, पण एकही सापडेना.

"एवढेच," तो म्हणाला.

दहा दिवसांपूर्वी समोरच्या संघातल्या एका धटिंगणाने त्याला पाठीमागून येऊन रिंकच्या कठड्यावर आदळलं होतं. पुढचे दोन दिवस त्याला खिडकीतला उजेडही सहन झाला नव्हता. सतरा वर्षांचा पोरगा, संघातला सगळ्यांत चपळ फॉरवर्ड, पंचेचाळीस सामन्यांत एकतीस गोल. जूनमध्ये मोठ्या लीगचे संघ पोरं निवडणार होते, आणि त्यांची दोन माणसं आज खास त्याला बघायला उणे तीस थंडीत कॅनडातल्या सस्कॅचवनच्या या कोपऱ्यात येऊन वर गॅलरीत बसली होती. या परीक्षेत पास झाला तर तो आजचा सामना खेळणार, नाही तर घरी बसणार. आणि पोराच्या डोक्यात काहीतरी बिघाड आहे असा एकदा बोभाटा झाला की पुढे कुणी विचारत नाही, हे ड्रेसिंगरूममधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

लॉर्नने फाइल उघडली आणि जुन्या कागदावरून बोट फिरवलं. "पाच. सप्टेंबरमध्येही पाचच. महिने उलटे म्हणताना तेव्हाही ऑगस्टशी अडखळलास, आजही तिथेच. बुद्धीच्या नावाने आनंदच आहे तुझा, पण जसा होतास तसाच आहेस." स्वतःच्याच विनोदावर तो हसला आणि त्याने सहीसाठी पेन काढलं. "जा, कपडे चढव."

कोल्टन उठला नाही.

सप्टेंबरमध्ये त्याला दहाच्या दहा शब्द आले होते. हंगामाआधी सगळ्यांचीच ही परीक्षा व्हायची, पुढे कुणाच्या डोक्याला मार बसला तर ताडून बघता यावं म्हणून. आदल्या दिवशी कर्णधार ब्रोडीने नव्या पोरांना शहाणपण शिकवलं होतं. निम्मेच शब्द सांगायचे, महिन्यांत एकदा अडखळायचं, म्हणजे हिवाळ्यात कितीही आपटलात तरी कागदावर तुम्ही ठणठणीत. सगळे खिदळले होते. कोल्टनने पाच शब्द सांगितले होते, पाच गिळले होते, आणि गिळलेले पाच बाहेर येऊन पोरांसमोर घडाघडा म्हणून दाखवले होते. आज त्याने एकही गिळला नव्हता.

संघाने ज्या कुटुंबाकडे त्याची राहायची सोय केली होती, त्यांचं कुत्रं रोज रात्री त्याच्या पायाशी झोपायचं. आज सकाळी त्याला हाक मारायला म्हणून तोंड उघडलं आणि नावच आठवलं नाही. त्याने शीळ घालून वेळ मारून नेली होती आणि मनाशी म्हटलं होतं, परीक्षेत काय ते कळेलच. आता परीक्षाच सांगत होती की त्याला काही झालेलं नाही.

गप्प बसणं सोपं होतं. त्याचे बाबा चार तास गाडी चालवत आले होते. बोलणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण, शिवाय ब्रोडीसकट सगळ्यांचं बिंग फुटणार ते वेगळंच. पण डोळ्यांसमोर तो कठडा आला, कानांत पाठीमागून येणाऱ्या स्केटचा आवाज आला. लहानपणी गोठलेल्या तळ्यावर पायाखाली बर्फ तडकलं होतं तेव्हाही तो इतका घाबरला नव्हता.

"लॉर्न," तो म्हणाला, "सप्टेंबरमध्ये मी मुद्दाम चुकलो होतो."

लॉर्नने मान वर केली नाही. त्याने झोकात सही ठोकली. "सगळेच चुकतात. इतकी वर्षं बघतोय, मला काय डोळे नाहीत? ब्रोडीने तर एकदा अख्खा फेब्रुवारी गाळला होता."

"आज मुद्दाम नाही चुकलो."

पेन कागदावरच राहिलं. बाहेरच्या बोळात पोरं स्टिका आपटत निघाली होती. त्या गोंगाटातून प्रशिक्षकाने ओरडून विचारलं की थीसन आहे की नाही, पंचांना नावं द्यायची आहेत. लॉर्नने एक मिनिट मागून घेतलं. मग उठून त्याने दार लोटलं आणि दाराकडेच तोंड ठेवून तो हळू आवाजात बोलला.

"पोरा, नीट विचार कर. सही झालीय. वर ती दोन माणसं बसलीयत. हे मी ऐकलंच नाही, असं अजून होऊ शकतं."

लॉर्नचा आवाज कापत होता. तो कोल्टनला ऐकू आला आणि त्याचा उरलासुरला धीर सुटला. त्याने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली.

"पण ऐकलंत ना तुम्ही?" तो म्हणाला. "लॉर्न, ऐकलंत ना?"