काटे काढणारा नवरा

“ताई, कथा झकास आहे, पण नवरा पटत नाही,” दिवाळी अंकाचे संपादक फोनवर म्हणाले. “एकतीस वर्षं रोज बायकोच्या माशातले काटे काढून देतो? वाचक हसतील हो. तेवढं गाळा, नाहीतर कथा घेता येणार नाही.”

“बघते,” म्हणून कुमुदिनीनं फोन ठेवला. खरं तर राग यायला हवा होता. पण तिचा नवरा यशवंत गेल्यापासून तिला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. तो कुठेतरी छापलेला राहावा, एवढ्यासाठीच तर तिनं कथा लिहिली होती.

थोरल्या जाऊबाईंनी तळलेला बांगडा पुढ्यात ठेवला. “चार महिने नुसत्या कढी-भातावर आसंस. खा गो.”

कुमुदिनी माशाकडे बघतच राहिली. “मला काटे काढता येत नाहीत.”

“मालवणात इतकी वर्षां काढलंस, नि काटे काढूक येनत नाय?” जाऊबाई हसायला लागल्या आणि मधेच गप्प झाल्या. त्यांनी तिचं ताट स्वतःकडे ओढलं.

कुमुदिनीनं कथेचे कागद ओढले. काटे काढणाऱ्या नवऱ्याचं वाक्य खोडून त्या जागी नवं लिहिलं आणि संपादकांना फोनवर वाचून दाखवलं: ‘लग्नाला एकतीस वर्षं झाली, तरी तिला माशातले काटे काढता येत नव्हते.’

“आता पटला. छापतो,” संपादक म्हणाले.

“बरं,” म्हणून ती जेवायला बसली. जाऊबाईंनी निवडलेल्या पहिल्याच घासात एक काटा राहिला होता. यशवंतच्या हातून कधी राहिला नव्हता.