नदीच्या मुखावरचा कोट

तुटक्या कानाचा तो शिपाई लासरने लगेच ओळखला.

भावाच्या अंगणात बसून तो ओटच्या भाकरीवर लोणी थापत होता. दहा दिवसांपूर्वी तो तिच्या नवऱ्याच्या बाजूने लढत होता. तेव्हा तिनेच त्याला ताक वाढलं होतं.

"फर्गल, हा इथे कसा?"

"ओडोने पाठवलाय. असे चाळीस दिलेत," भाऊ म्हणाला. "दाजींना सांग ताई, आता गुरं सांभाळा म्हणावं."

लासर आजारी आईला भेटायला आली होती. लढाई असली तरी बायकांची वाट अडवायची नाही, एवढी रीत दोघांनी अजून पाळली होती.

डोंगर फर्गलचा, खोरं तिच्या नवऱ्याचं, लोरकनचं. एका कुरणावरून पेटलेलं भांडण नववं वर्ष बघत होतं. कुठली बातमी आली की रडायचं आणि कुठली आली की हसायचं, हेच लासरला कळेनासं झालं होतं. ओडो समुद्रापलीकडचा सरदार. नदीच्या मुखाशी लाकडी कोट बांधून बसला होता. जो हरेल त्याला चिलखती माणसं द्यायचा, तो जिंकायला लागला की काढून घ्यायचा. मोबदल्यात दर वेळी जमिनीचा एक तुकडा.

घरी परतल्यावर तिने नवऱ्याला गाठलं.

"अहो, तुमचा तुटक्या कानाचा तिकडे आहे."

"पकडून नेला असेल."

"पकडलेल्याला कुणी लोणी वाढतं?"



पुढच्या रविवारी तिने दोघांना देवळात समोरासमोर बसवलं. दोघांचे हात कुऱ्हाडींवर होते.

"कोटाभोवतीची जमीन कुणाची होती?" तिने विचारलं.

"अर्धी माझी," लोरकन म्हणाला.

"अर्धी माझी," फर्गल म्हणाला.

"आणि आता?"

मग फर्गलच कसनुसा हसला. "दाजी, नऊ वर्षं आपण त्याच्या शेताला खत घालतोय. तेही आपल्याच पोरांचं."

तह झाला. रिवाजाप्रमाणे ओलीस ठरले. फर्गलने मुलगी दिली, लोरकनने एकुलता एक मुलगा, कोनला.

"मामाकडेच तर जातोस," लासर त्याला म्हणाली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच मोकळी हसली.

ओहोटीच्या वेळी, भर दुपारी, दोन्हीकडच्या माणसांनी मिळून कोट घेरला. ओडो फारसा लढलाच नाही. माणसं बोटीत चढवली आणि निघाला. जाताना त्याने टोपी काढून दोघांना वाकून नमस्कार केला. हरलेला माणूस असा का वागतो, हे लासरला उमगेना.

कोट जाळायचा ठरला होता. पण लाकूड चांगलं होतं.

"दरवाजा माझ्या माणसांनी फोडला," फर्गल म्हणाला.

"खोऱ्याच्या तोंडाशी आहे तो. माझाच," लोरकन म्हणाला.

महिन्याभरात लोरकनने आत माणसं बसवली. फर्गलने कोनलाला बेड्या घातल्या आणि निरोप धाडला: पौर्णिमेपर्यंत कोट सोडा, नाहीतर पोराचे डोळे काढतो.

लासर नवऱ्याच्या पाया पडली. "त्या लाकडांसाठी?"

"आज कोट दिला तर उद्या खोरं मागेल."

"तुमचा मुलगा आहे तो!"

"मुलगे आणखी होतील," लोरकन तिच्याकडे न बघता म्हणाला. "त्याच्या मुलीचे डोळे मीही काढू शकतो, हे त्याला कळू दे."

ती डोंगरावर गेली. भावाने दार उघडलं नाही. आतूनच म्हणाला, "ताई, मागे हटलो तर माझीच माणसं मला खातील."

ती वाट उतरली ती थेट किनाऱ्यावर आली. कोण बरोबर, कोण चूक, याचा विचार करायचं तिने सोडून दिलं. एक कोळी तयार झाला. दोन दिवस आणि एक रात्र ती त्याच्या नावेत भिजत बसली होती.

पलीकडच्या दगडी वाड्यात ओडो जेवत होता. तिला बघून तो उठला.

"मला माणसं हवीत," ती म्हणाली. "भावाविरुद्ध. लागलीच तर नवऱ्याविरुद्धही. माझं पोर जिवंत, डोळ्यांसकट आणून द्या. तो कोट पुन्हा तुमचा."

ओडोने शेकोटीजवळचं बाक तिच्यासाठी पुढे ओढलं.

"बसा बाई, दमला असाल," तो तिच्याच भाषेत, मोडकंतोडकं बोलत म्हणाला. "परवा तुमच्या नवऱ्याचा माणूस येऊन गेला, काल भावाचा. तेही कोटच देतायत."