मॉरिसचं घड्याळ

नानाजींनी आपल्या जुन्या मॉरिस गाडीच्या डॅशबोर्डातून घड्याळ उपसून काढलं, कानाशी धरलं आणि सुनेला हाक मारली. घड्याळ टिकटिकत होतं. त्यांना संशय होता तो त्याचाच.

घड्याळ चावीचं. आठवड्याला चावी दिली नाही की बंद. चावी देणार फक्त नानाजी, दर रविवारी, आंघोळ करून. गाडीला बाकी कोणी हात लावायचा नाही, हा मनीषनगरातल्या त्या घराचा कायदा होता. आता नानाजी महिनाभर दवाखान्यात, त्यातले कितीतरी दिवस नाकातोंडात नळ्या. काल घरी आले, तब्येत राहिली बाजूला, आधी पोर्चमध्ये जाऊन गाडीत बसले. बघतात तर घड्याळ चालू! थोडं मागं पडलेलं, पण चालू. मग चावी दिली कोणी?

उत्तर त्यांनी रात्रीतून तयारही केलं होतं. म्हातारा काही परत येत नाही असं धरून मुलगा पियुष आणि सून मोनालीनं गाडीला गिऱ्हाईक आणलं असणार. गाडीत सगळं कसं चालू स्थितीत आहे ते दाखवायला घड्याळाला चावी दिली असणार. पोटच्या पोराचा राग सुनेवर काढणं सोपं असतं, आणि पियुष तर सकाळीच मिहानला कामावर निघून गेला होता.

मोनाली चहा घेऊन आली.

“मी तिकडं पडून होतो तवा गाडी कोणी उघडली?”

“मी नाही उघडली, बाबा.”

“तुह्यं नाव घेतलं का मी?”

मोनालीनं चहा पायरीवर ठेवला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीकडे चोरून पाहिलं. नानाजींनी ते बरोबर टिपलं. खिडकीतून भागीरथाबाईंचा आवाज आला, “चालू हाये तं काहून खोलून राहिले? राहू द्या ना!”

म्हणजे बायकोही फितूर. वा रे घर! नानाजींनी बनियनच्या बाहीला चष्मा पुसला आणि वर्तमानपत्र पसरून घड्याळाचं मागचं झाकण काढलं. आत तेल घालायचं तर त्यांची पद्धत ठरलेली. सुईच्या टोकावर मावेल तेवढं पातळ तेल, तेही जागा पाहून. इथं मात्र पितळी चाकांवर पिवळा, चिकट लगदा बसला होता. चाकं त्यातून पाय ओढत चालली होती.

“कोण्या गाढवानं केलं हे!”

मोनाली आत गेली नाही. तिथंच उभी राहिली. नानाजींनी चाकं सुटी केली तशी टिकटिक थांबली. ती त्यांनी स्टीलच्या वाटीतल्या पेट्रोलमध्ये टाकली. झाकणाला चिकटलेला लगदा त्यांनी सुईनं खरवडून नाकाशी नेला.

जवस.

“अरे देवा, जवसाचं तेल! घड्याळ हाये का चटणी? सुकलं की डिंकावानी धरते ते! कोणी…”

आणि नानाजी तिथंच अडकले. जवसाच्या तेलाचा वास आला की मोनाली नाकाला ओढणी लावून अंगणात पळते. घरात तिचं सगळं रिफाइंडमध्ये. जवसाची एकुलती एक बाटली असते ती भिवापूरहून, भागीरथाबाईंच्या माहेरून येणारी. त्या बाटलीला दुसरं कोणी शिवत नाही. पण भागीरथा? जी जन्मभर या गाडीत मागच्या सीटवर बसली, दारसुद्धा दुसऱ्यानं लावू दिलं, ती?

“भागीरथा, इकडं ये वं.”

भागीरथाबाई पदराला हात पुसत आल्या. त्यांनी आधी वाटी पाहिली.

“बंद केलं?” त्यांचा चेहरा उतरला.

“तेल तू घातलं का?”

“चावी जड जाऊन राहिली होती. कानात औषध घालाच्या ड्रॉपरनं घातलं.”

“म्हणजे चावीही तूच?”

“रोज सकाळी. दवाखान्यात निघाच्या आधी.”

“रोज! आठवड्यातून एकदा पुरते वं त्याले. काहून पण? मी सांगतलं होतं का तुले?”

भागीरथाबाईंनी मान खाली घातली. “तुमी काचेच्या आत पडून होते. डॉक्टर धड काही सांगे ना. आमाले बाहेरूनच पाहू देत. मले लय भेव वाटे. मी म्हणलं, तुमच्या हातचं हे घड्याळ बंद पडू द्याचं नाही. हे चालू हाये तवरी तुमी हाये.”

नानाजींनी हातातली सुई खाली ठेवली. मोनाली हळूच म्हणाली, “मी सांगणारच होते, बाबा. आईंनी शपथ घातली. तुम्ही रागवाल म्हणून.”

नानाजींना सुनेकडे पाहवेना. आपण काल रात्रभर काय काय रचलं ते आठवून त्यांचे कान तापले.

“चहा मस्त झाला आज,” ते म्हणाले. कप भरलेलाच होता. मोनालीनं तो उचलला आणि गरम करायला आत नेला.

“मी हे साफ करतो, चांगलं तेल घालतो,” नानाजी बायकोला म्हणाले. “मंग पयलेपेक्षा बेस चालन. पाहाय तू.”

भागीरथाबाईंचा काही विश्वास बसलेला दिसला नाही. त्यांनी वाटीतली सुटी चाकं पाहिली. मग नवऱ्याचा हात पाहिला. सलाईनच्या सुयांनी तो काळानिळा पडला होता. त्यांनी कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि नानाजींच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसल्या.

“सुरू होतवरी मी इथंच बसते,” त्या म्हणाल्या. “अन् तवरी तुमी जागचं उठाचं नाही.”